डोंगर अडला म्हणून कारागिरीही थांबावी काय?

२६ ऑगस्ट २०२५ रोजी चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, जमिनीखाली सुमारे ७०० मीटर खोलीवर उभारलेल्या जूनो या न्यूट्रिनो प्रयोगशाळेने मोजणी सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अवघ्या ५९ दिवसांच्या नोंदींच्या बळावर, न्यूट्रिनोंच्या रूपांतरणाशी संबंधित दोन राशींची मूल्ये तोवरच्या सर्व प्रयोगांहून अधिक अचूकतेने तिने जाहीर केली. भारतात अशा बातमीवर उमटणारी प्रतिक्रिया आता ठरून गेली आहे. प्रथम तमिळनाडूतील थेणी जिल्ह्यात अडकून पडलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची, म्हणजे आयएनओची, आठवण. मग शेजारी पुढे गेल्याची हळहळ. आणि शेवटी दोषाची वाटणी. कोणी पर्यावरणवाद्यांच्या नावाने बोटे मोडतो, कोणी राज्य सरकारच्या, कोणी न्यायाधिकरणाच्या.

हे सारे दुःख डोंगराचे आहे. त्या डोंगराच्या पोटात जे ठेवायचे होते त्याचे दुःख करताना फारसे कोणी दिसत नाही. आणि देशाचे खरे नुकसान तिथेच होत आहे.

आयएनओच्या गुहेत ठेवायचे होते सुमारे ५० हजार टन चुंबकित लोखंड आणि त्या लोखंडाच्या थरांमध्ये सरकवलेले २८ हजार ८०० काचेचे डिटेक्टर. प्रत्येक डिटेक्टर साधारण दोन मीटर लांब आणि तितकाच रुंद. काचेची दोन तावदाने, मध्ये दोन मिलिमीटरांची फट आणि त्या फटीतून संथपणे वाहणारा वायू. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत ज्याला ‘रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर’ म्हणतात, तीच ही जात. इटलीत सांतोनिको आणि कार्डारेल्ली यांनी १९८१च्या सुमारास ती प्रथम सिद्ध केली. डोंगराला परवानगी मिळो वा न मिळो, काच, रंग, वायू आणि दहा हजार व्होल्ट यांचे हे शास्त्र भारतात रुजणे हा स्वतंत्र प्रश्न होता. तो स्वतंत्र मानला गेला नाही, हा या लेखाचा आक्षेप.

वायूवर चालणाऱ्या डिटेक्टरचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजावे इतके सोपे आहे. एका बंद नळीच्या मध्यातून केसाएवढी बारीक तार ताणायची, नळीत आरगॉनसारखा वायू भरायचा आणि तार व नळी यांच्यात हजार-दोन हजार व्होल्टांचा विद्युतदाब द्यायचा. विद्युतभारित कण या वायूतून गेला की वाटेतील काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात व तारेकडे ओढले जातात. तारेजवळचे विद्युतक्षेत्र इतके तीव्र असते की एकेक इलेक्ट्रॉन धावता धावता दुसऱ्या अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतो, ते आणखी सोडवतात, आणि उतारावरून दरड कोसळावी तसा त्यांचा लोंढा तारेवर येऊन आदळतो. रदरफर्ड आणि गायगर यांनी १९०८ साली या युक्तीने एकेक अल्फा कण मोजला. जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ साली अशा असंख्य तारा एकाच पेटीत शेजारीशेजारी ताणल्या, प्रत्येकीला स्वतःचे इलेक्ट्रॉनिक कान दिले आणि कणाचा मार्ग छायाचित्राविना टिपण्याची सोय केली. त्याबद्दल त्यांना १९९२चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्त्व सोपे, घडण मात्र महाकठीण. तारेवर धुळीचा एक कण राहिला तर तिथे ठिणगी पडते. सांधा जोडणाऱ्या गोंदातून सूक्ष्म वाफा सुटल्या तर महिन्याभराने तारेवर पुटे चढतात. दोन मीटरच्या तावदानात फटीची रुंदी दहाव्या हिश्श्याने बदलली तरी एका कोपऱ्यात संकेत फुगतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात विरतो. जपानच्या बेल प्रयोगातील काचेच्या डिटेक्टरांची गोष्ट या क्षेत्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. प्रयोग सुरू होताच त्यांची कार्यक्षमता घसरू लागली. शोध घेतला तेव्हा गुन्हेगार निघाला वायू वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणारा हवेतील दमटपणा. पाणी आणि फ्लोरिनयुक्त वायू एकत्र आले की ठिणग्यांच्या सान्निध्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते आणि ते काच खाते. नळ्या तांब्याच्या केल्या, तेव्हा कुठे उपद्रव थांबला. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या समीकरणात नव्हते. डिटेक्टर बिघडवून, उघडून, हाताने चाचपून ते मिळाले.

असे ज्ञान भारताकडे होते. चांगले मुबलक होते.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, १९५०च्या दशकापासूनच विश्वकिरणांचा अभ्यास मांडला होता. जमिनीखाली २.३ किलोमीटरांवर, घामाने निथळत, भारत, जपान आणि ब्रिटन यांच्या संयुक्त चमूने १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गटही त्याच शोधात होता आणि दोन्ही शोधनिबंध एकाच ऑगस्टमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, प्रसिद्ध झाले; कोलारचा आधी. त्या प्रयोगात चमकणारे प्लास्टिक होते, तशाच निऑन वायूने भरलेल्या काचेच्या नळ्याही होत्या. पुढे १९८० साली त्याच खोलीवर प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यासाठी १४० टनांचा प्रयोग उभा राहिला. त्याचे अंग म्हणजे वायूने भरलेल्या, दहा सेंटीमीटर रुंदीच्या चौकोनी लोखंडी नळ्यांचे ३४ थर. प्रोटॉन काही फुटलेला आढळला नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी खाणीचे खोल मजले बंद होऊ लागले आणि प्रयोगालाही तेथून निघावे लागले.

कोलारचा अध्याय तिथे संपला असे समजणाऱ्यांनी उटीकडे पाहावे. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटर उंचीवरील ग्रेप्स-३ या प्रयोगात ५६० चौरस मीटरांची म्यूऑन दुर्बीण आहे. तीत ३,७१२ नळ्या आहेत: सहा मीटर लांब, दहा सेंटीमीटर चौकोनी, पोलादी, मध्ये टंगस्टनची तार, आत ९० टक्के आरगॉन आणि १० टक्के मिथेन. कोलारच्या प्रोटॉन-प्रयोगातून विकसित झालेलेच हे तंत्र. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर गडगडाटी ढग आला, तेव्हा या नळ्यांमधील म्यूऑनांची संख्या किंचित घटली. त्या घटीवरून ढगातील विभवांतर काढले गेले. उत्तर आले १.३ अब्ज व्होल्ट. गडगडाटी ढगात अब्ज व्होल्टांची मजल असू शकते, असे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ साली सुचवले होते. फुगे आणि विमाने पाठवूनही जी मजल दिसली नव्हती, ती या पोलादी नळ्यांनी २०१९च्या शोधनिबंधात दाखवून दिली. प्रोटॉनसाठी घडलेल्या तंत्राने ढग मोजला! कोणत्याही प्रकल्प-अहवालात ‘अपेक्षित फलित’ या रकान्यात हे लिहिता आले असते काय?

प्रकल्प संपतो, पण डिटेक्टर घडवण्याची विद्या त्या प्रकल्पापेक्षा दीर्घायुषी असते. कोलार आणि उटी यांचा हा एवढाच अर्थ आहे आणि दिल्लीतील नियोजकांना तो नेमका उमगलेला नाही.

आयएनओचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २००२ साली संस्थांचा करार झाला आणि टीआयएफआर, भाभा अणुसंशोधन केंद्र, कोलकात्याच्या संस्था व अनेक विद्यापीठे कामाला लागली. कुलाब्याच्या प्रयोगशाळेत बाजारात मिळणाऱ्या खिडकीच्या काचेपासून सुरुवात झाली. प्रारंभीचे संच फार काळ टिकत नसत. मग कोणती काच, तिचा विद्युतरोध किती, काचेवर लावायचा अर्धवाहक रंग कोणता, तो फवारायचा की छापायचा, फटीतील बटणे कोणत्या गोंदाने चिकटवायची, याच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालल्या. रंगासाठी देशी रंग-उत्पादकाची मदत घेतली गेली. वायूचे मिश्रणही प्रयोगांतून ठरले: ९५.२ टक्के आर-१३४ए, म्हणजे शीतकपाटात आणि मोटारीच्या वातानुकूलनात वापरतात तो, ४.५ टक्के आयसोब्युटेन, आणि ०.३ टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड. शेवटचा वायू चिमूटभरच, परंतु तो नसला तर लोंढा आवरत नाही आणि काचेचे आयुष्य घटते. यांतील अनेक चाचण्या संशोधक विद्यार्थ्यांनी केल्या आहेत. मदुराईत २०१८ साली ८५ टनांची छोटी प्रतिकृतीही उभी राहिली आणि चालली.

डोंगराचे काय झाले ते थोडक्यात सांगितलेले पुरे. नीलगिरीतील सिंगारा ही पहिली जागा व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे २००९ साली नाकारली गेली. थेणीतील बोडी पश्चिम टेकड्यांच्या जागेसह सुमारे १,५०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मान्यता जाहीर केली. त्यानंतर खटले, २०१७ साली हरित न्यायाधिकरणाने रोखून धरलेली पर्यावरण-मंजुरी, २०१८ साली पुन्हा मंजुरी, वन्यजीव मंडळाच्या संमतीची अट, आणि अखेर २०२२ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट केलेला नकार. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग पसरेल ही भीती निखालस खोटी होती आणि ती पसरवणाऱ्यांनी विज्ञानाचे अहित केले, यात शंका नाही. पण पश्चिम घाटात, मतिकेट्टान शोला राष्ट्रीय उद्यानापासून काही किलोमीटरांवर, दोन किलोमीटर लांबीचा बोगदा सुरुंगांनी खणायचा असेल तर गावकऱ्यांचे आणि वनांचे प्रश्न खोटे ठरत नाहीत. ते आधी ऐकून घेणे हे प्रकल्पाचेच काम होते. दोन्ही पक्षांनी आपापली चूक केली; त्यावर आणखी शाई सांडण्यात हशील नाही.

मुद्दा पुढचा आहे. डोंगर अडला, तेव्हा प्रकल्पाबरोबर डिटेक्टर-संशोधनाचे भवितव्यही टांगणीला लागले, कारण प्रकल्पाबाहेर त्याला स्वतःचे घर नव्हते. काचेचा डिटेक्टर गुहेचे सामान म्हणून नोंदला गेला. गुहा रद्द, म्हणजे सामान अनावश्यक! स्वयंपाकघराची भिंत पडली म्हणून सुगरणीला रजा देण्याचा हा प्रकार.

यावर एक ठेवणीतले उत्तर दिले जाते: भारत सर्नमध्ये सहभागी आहेच. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, महाकाय प्रयोगांत भारतीय संस्थांची नावे आहेत, मग वेगळ्या घराची गरज काय? हे उत्तर अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असल्यामुळेच फसवे आहे. खरा अर्धा भाग अभिमानाचा आहे. ॲलिस प्रयोगातील फोटॉन मोजणारा, मधाच्या पोळ्यासारख्या हजारो वायू-कोष्ठांचा डिटेक्टर कोलकात्याच्या व्हीईसीसीच्या पुढाकाराने भारतीय संस्थांनी रचला. त्याच प्रयोगाच्या म्यूऑन-विभागासाठी ‘मानस’ नावाची चिप साहा संस्थेत आखली गेली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तयार झाली. दहा लाखांहून अधिक संकेत-वाहिन्या त्या चिपवर चालल्या. देशात चिप बनवण्याच्या घोषणा सध्या रोज होत असतात. वीस वर्षांपूर्वी एका वायू-डिटेक्टरच्या गरजेपोटी ती बनली होती, हे त्या घोषणा करणाऱ्यांच्या कानी कोणी घालावे.

दुसरा अर्धा भाग मात्र कोणी उच्चारत नाही. सीएमएस प्रयोगात २०१३-१४ च्या सुमारास म्यूऑन-डिटेक्टरांचा नवा थर बसवला गेला. त्यांतील काही डिटेक्टर मुंबईत आणि चंदीगडला जोडले, तपासले आणि जिनिव्हाला रवाना केले गेले. काम उत्तम झाले. पण त्या डिटेक्टरांचे हृदय, म्हणजे वायूची प्रत्यक्ष फट, सेऊलच्या कोरिया विद्यापीठातील प्रयोगशाळेतून आली होती. एका विद्यापीठातील ती प्रयोगशाळा एकच विद्या अनेक वर्षे धरून बसली आणि जगाला फटी पुरवू लागली. जेम नावाच्या नव्या डिटेक्टरांचेही तसेच. फाबिओ साउली यांनी १९९७ साली मांडलेल्या या तंत्रात ५० मायक्रॉन जाडीच्या, दोन्ही बाजूंनी तांबे चढवलेल्या पॉलिमर पडद्याला ७० मायक्रॉनची लक्षावधी छिद्रे पाडलेली असतात. सीएमएससाठी भारतात जेम डिटेक्टर जोडले गेले. त्यांचे मोठे पडदे आले ते सर्नच्या कार्यशाळेतून. बंगळूरच्या मायक्रोपॅक या कंपनीने दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या साथीने लहान आकाराचे असे पडदे भारतात करून दाखवले आणि त्यांचे गुणधर्म मोजून प्रसिद्धही झाले. म्हणजे दार उघडलेले आहे. त्यातून सलग दहा वर्षे कोणी जात राहील, अशी व्यवस्था कुठे आहे?

जोडणी आणि घडण यांतील फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांनी वायूचे उदाहरण घ्यावे. वर सांगितलेल्या मिश्रणातील आर-१३४ए हा वायू हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी ठरतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड २० हजार पटींहून अधिक. आयएनओच्या सर्व डिटेक्टरांतील फटींचे आकारमान मिळून साधारण दोनशे घनमीटर झाले असते आणि हा वायू सतत फिरवत ठेवावा लागला असता. पर्यावरणाच्या नावाने झालेल्या इतक्या वादात हा खराखुरा पर्यावरणीय प्रश्न फारसा ऐकूच आला नाही, ही त्या वादाच्या दर्जाची साक्ष. युरोपने अशा वायूंवर कठोर निर्बंध घातले आहेत. सर्नच्या डिटेक्टरांतून होणारी गळती ही त्या संस्थेच्या थेट उत्सर्जनाची मोठी बाब आहे. म्हणून सध्या जगभर पर्यायी वायूंचा शोध चालू आहे. एचएफओ नावाचा नवा शीतक तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी, पण तो घातला की डिटेक्टरला जास्त विद्युतदाब लागतो आणि लोंढ्यात त्याचे तुकडे पडून फ्लोरिनची आम्ले वाढण्याची भीती असते. कार्बन डायऑक्साइड मिसळला तर लोंढा बेफाम होतो. योग्य प्रमाण कोणते, काचेवर त्याचा दहा वर्षांत काय परिणाम होईल, हे कोणालाच नेमके ठाऊक नाही.

या प्रश्नाला डोंगर लागत नाही. बोगदा लागत नाही, राज्याची संमती लागत नाही, हजारो कोटी तर नाहीतच. एक खोली, चार डिटेक्टर, वायू मिसळण्याची यंत्रणा, आकाशातून फुकट बरसणारे म्यूऑन आणि एकाच कामावर दहा वर्षे टिकून राहणारी पाच-सात माणसे लागतात. ही शेवटची वस्तू भारतात सर्वांत दुर्मीळ आहे.

ती दुर्मीळ का, याचे उत्तर मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. डिटेक्टर टिकतो की नाही हे पाहायला तीन वर्षे घालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती शेवटी एखाददुसरा उपकरणविषयक निबंध लागतो. त्याच काळात सर्नची विदा घरबसल्या चाळणाऱ्याचे नाव हजारो लेखकांच्या यादीसह डझनभर निबंधांवर येते. नेमणुकीच्या वेळी समिती निबंध मोजते. काचेला हात लावलेला कोण, हे विचारत नाही. कार्यशाळेतील तंत्रज्ञाची स्थिती त्याहून वाईट. ज्याच्या बोटांना तारेचा ताण कळतो तो निवृत्त झाला की त्याच्यासोबत ती बोटेही जातात, कारण त्याच्या हाताखाली कोणी शिकावे यासाठी पदच नसते.

पैशाबद्दल बोलायचे तर देशाचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यावर रेंगाळला आहे. अनुसंधान प्रतिष्ठानाचा पाच वर्षांचा ५० हजार कोटींचा आकडा गाजला, पण त्यातील ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावेत अशी अपेक्षा आहे. २०२५ साली एक लाख कोटींचा संशोधन-निधी जाहीर झाला; तो आहे मुख्यतः खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांसाठी, तेही बाजाराच्या उंबरठ्याजवळ पोचलेल्या तंत्रांना. काचेच्या फटीत कोणता वायू दहा वर्षे टिकेल, या प्रश्नावर कोणता उद्योजक कर्ज काढणार आहे?

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्नही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला अणुभट्टीतील न्यूट्रॉन मोजणारी नळी, विमानतळावरील किरणोत्सर्ग-तपासणी किंवा म्यूऑनांच्या साहाय्याने पिरॅमिडच्या पोटात पाहण्याचे तंत्र दाखवता येते. ग्रेट पिरॅमिडमधील अज्ञात पोकळीचा २०१७ सालचा शोध पक्का करणाऱ्या तीन तंत्रांपैकी एक वायूचे डिटेक्टर हेच होते. उपयोगाची यादी लांबवता येईल. पण कोलारमध्ये नळ्या जोडणाऱ्यांना कोणी ढगाचा व्होल्टेज विचारला नव्हता.

सर्नने २०२४ पासून वायू-डिटेक्टरांच्या संशोधनासाठी डीआरडी-१ नावाची स्वतंत्र सहयोग-व्यवस्था चालवली आहे. दीडशेहून अधिक संस्था तीत आहेत, भारतीय संस्थाही आहेत, आणि ती कोणत्याही एका प्रयोगाशी बांधलेली नाही. एखादा प्रयोग बारगळला तरी तिची खोली बंद होत नाही. अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभाग यांनी अशीच एक व्यवस्था देशात उभी करावी: मदुराई, उटी, मुंबई आणि कोलकाता येथे जे आहे ते एका छत्राखाली आणून, तंत्रज्ञांच्या कायम पदांसह आणि कोणत्याही गुहेच्या मंजुरीची अट न घालता. आयएनओच्या नियोजित खर्चाचा एक लहानसा हिस्सा त्याला पुरेल.

किगाली करारानुसार भारताला आर-१३४एच्या कुळातील वायूंचा वापर २०३२ पासून कमी करायला लागायचे आहे. कारखाने आणि शीतकपाटांसाठी त्याची तयारी चालू आहे. देशातील काचेच्या डिटेक्टरांत त्या दिवशी कोणता वायू वाहत असेल, हे ठरवणाऱ्या चाचण्यांची घाई आजची आहे, आणि तेवढ्यासाठी मदुराईतील ८५ टन लोखंड पुरेसे आहे.